स्वरांची किल्ली आणि उस्तादांची अमानत

हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासाबद्दल मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यात मुसलमान उस्तादांविषयी एक आरोप हमखास भेटतो. खाँसाहेब गात उत्तम, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी चिजा छातीशी धरून ठेवल्या, कोणाला दिल्या नाहीत. शेवटी पंडितांनी त्या कागदावर उतरवल्या म्हणून विद्या वाचली, असा तो आरोप. त्याला उत्तर देताना आपल्यातली काही मंडळी थेट दुसऱ्या टोकाला जातात. युरोप स्वरलेखन शिकला तोच मुळी अरबांकडून, त्यांचे ‘दो रे मी’ म्हणजे अरबी अक्षरेच, असे ती छातीठोकपणे सांगतात.

आम्हाला ही दोन्ही विधाने तपासून पाहावीशी वाटतात. वरवर ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोघांची समजूत एकच आहे. कागदावर खुणा केल्या की संगीत लिहिले गेले, आणि ज्याने खुणा केल्या तो पुढारलेला, असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात कोणतीही स्वरलिपी नुसत्या खुणांवर चालत नाही. त्या खुणा उघडायला काहीतरी लागते. पाश्चात्त्य स्वरलेखनात त्या वस्तूला नावच ‘किल्ली’ असे आहे. या लेखात आपण त्या किल्लीचा इतिहास पाहू आणि तिच्या आधाराने आपल्या उस्तादांकडे पुन्हा एकदा वळू.

एक ठिपका, तीन नावे

पाश्चात्त्य स्वरलेखनात पाच आडव्या रेघा असतात. रेघांवर आणि रेघांमधल्या फटींत ठिपके मांडलेले असतात. ठिपका वर गेला की स्वर चढा, खाली आला की स्वर उतरता, एवढे कोणालाही पाहताक्षणी कळते. पण तो स्वर कोणता, हे ठिपका स्वतः सांगू शकत नाही. ते ओळीच्या आरंभी काढलेली एक खूण सांगते. इंग्रजीत तिला ‘क्लेफ’ म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आला, त्याचे मूळ लॅटिन ‘क्लाविस’, आणि अर्थ किल्ली. तुर्की वादक तिला ‘अनाहतार’ म्हणतो, अरब वादक ‘मिफ्ताह’. दोन्हींचा अर्थ किल्लीच. मिफ्ताह आणि फातिहा हे शब्द एकाच धातूतून निघालेले आहेत, तो धातू म्हणजे ‘उघडणे’. ओळ उघडून देणारी ती मिफ्ताह.

हार्मोनियम ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजायला अवघड नाही. आपण पट्ट्या मोजतो तशा मोजू. पाश्चात्त्यांचा ‘सी’ म्हणजे आपली पांढरी एक, ‘एफ’ म्हणजे पांढरी चार, ‘जी’ म्हणजे पांढरी पाच. त्यांच्याकडे किल्ल्या तीन आणि त्या याच तीन स्वरांच्या. ‘जी’ची किल्ली म्हणजे ती वळणदार खूण, जी आज संगीतशाळांच्या पाट्यांवरही दिसते. तिचा वेटोळा खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतो आणि सांगतो की ही रेघ पांढरी पाच. ‘एफ’च्या किल्लीत दोन टिंबे असतात. ती चौथ्या रेघेच्या वर आणि खाली बसतात; ती रेघ पांढरी चार. ‘सी’च्या किल्लीचा मध्य ज्या रेघेवर टेकेल ती रेघ पांढरी एक. या तिन्ही खुणा मुळात ‘जी’, ‘एफ’ आणि ‘सी’ ही अक्षरेच होती. नकलाकारांच्या हातून शतकानुशतके फिरता फिरता त्यांचा आकार आजच्यासारखा झाला. एका रेघेचे नाव कळले की वरच्या-खालच्या सगळ्या रेघा आणि फटी ओळीने मोजून काढता येतात.

आता मधल्या, म्हणजे तिसऱ्या रेघेवर एक ठिपका ठेवू. ‘जी’ची किल्ली असेल तर तो पांढरी सात. ‘एफ’ची असेल तर पांढरी दोन. व्हायोलापुढे ठेवतात ती ‘सी’ची किल्ली असेल तर तोच ठिपका पांढरी एक. ठिपका हलला नाही, रेघ हलली नाही, तरी नावे तीन झाली.

यात आणखी एक बारकावा आहे. किल्ली बदलली की नावांबरोबर स्वरांमधले अंतरही बदलू शकते. तिसऱ्या रेघेवरचा ठिपका आणि त्याच्या लगेच वरच्या फटीतला ठिपका घ्या. ‘जी’च्या किल्लीत ते पांढरी सात आणि वरची पांढरी एक होतात, आणि त्यांच्यामध्ये काळी पट्टी नसते. ‘एफ’च्या किल्लीत ते पांढरी दोन आणि पांढरी तीन होतात, आणि मध्ये काळी पट्टी असते. म्हणजे चुकीची किल्ली लावून वाचले तर गाणे नुसते वरच्या किंवा खालच्या पट्टीत जात नाही, त्याची चालच बिघडते.

तीन किल्ल्या ठेवण्यामागचे कारण साधे आहे. माणसांचे आवाज आणि वाद्यांचे पल्ले वेगवेगळे असतात, रेघा मात्र पाचच. व्हायोलिन आणि फ्लूट उंच वाजतात, त्यांना ‘जी’ची किल्ली सोयीची. चेलो आणि डबल बास खर्जातले, त्यांना ‘एफ’ची. व्हायोला मधला, त्याला ‘सी’ची. पियानोवादकापुढे दोन ओळी असतात, उजव्या हाताला सहसा ‘जी’ आणि डाव्या हाताला ‘एफ’. पूर्वी ‘सी’ची किल्ली गायकाच्या आवाजाप्रमाणे पाचांपैकी वेगवेगळ्या रेघांवर बसवत, म्हणजे गाणे पाच रेघांच्या आत मावे आणि वर-खाली जादा रेघा ओढाव्या लागत नसत.

ग्विदोची तांबडी रेघ

किल्लीआधीची स्थिती काय होती? युरोपातल्या मठांमध्ये नवव्या शतकापासून प्रार्थनागीतांच्या शब्दांवर लहान लहान खुणा करण्याची पद्धत होती. आवाज कोठे चढतो, कोठे उतरतो, कोठे वळतो, एवढे त्या दाखवत. किती चढतो ते दाखवत नसत. ज्याला गाणे आधीच पाठ आहे त्याला त्या खुणा आठवण करून देत. ज्याने ते कधीच ऐकले नाही, त्याला त्यातून काही मिळत नसे.

अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन साधूने ही अडचण सोडवली. तो आधी पोंपोसाच्या मठात होता, नंतर अरेझो या गावी गेला आणि त्याच गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. रेघा ओढण्याचे काही प्रयत्न त्याच्या आधीही झाले होते. ग्विदोने त्यांना शिस्त लावली. रेघांच्या आरंभी अक्षर घालायचे आणि ओळखायला सोपे जावे म्हणून ‘एफ’ची रेघ तांबडी, ‘सी’ची पिवळी रंगवायची, अशी ती पद्धत. नेमक्या याच दोन स्वरांची निवड अर्थपूर्ण आहे. हार्मोनियमवर पाहा: पांढऱ्या एकच्या आणि पांढऱ्या चारच्या लगेच खाली काळी पट्टी नाही. सप्तकातली जवळची अंतरे याच दोन ठिकाणी आहेत, आणि नवशिका गायक नेमका तेथेच चुकतो. ग्विदोने किल्ली लावली ती या दोन धोक्याच्या जागी.

पूर्वी ज्या विद्येला दहा वर्षे लागत, ती आपल्या पद्धतीने एका, फार तर दोन वर्षांत येते, असे ग्विदोने एका पत्रात लिहिले आहे. पोप जॉन एकोणिसावे यांनी त्याला बोलावून घेतले, त्याचे पुस्तक पाहिले आणि पूर्वी न ऐकलेली एक ओळ त्यावरून स्वतः गाऊन पाहिली, असेही त्याने नोंदवले आहे. पण त्याच पत्रात हेवा आणि विरोध यांची तक्रारही आहे. त्याच्या मठातल्या साधूंना हे आवडले नाही आणि त्याला पोंपोसा सोडावे लागले. ज्यांनी आयुष्य खर्चून पाठांतर केले, त्यांना दोन वर्षांत तयार होणारी मुले खुपणारच. विद्या हाती असलेल्याला किल्ली वाटली जाण्याची भीती वाटते, ही गोष्ट एका धर्माची किंवा एका देशाची नाही, हे आपल्या उस्तादांबद्दल बोलताना लक्षात ठेवावे.

आता ‘दो रे मी’कडे वळू. ‘ऊत रे मी फा सोल ला’ ही अक्षरे ग्विदोने शिकवण्यासाठी वापरली. ती एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांची पहिली अक्षरे आहेत. ती मुळात दाल, रा, मीम, फा, साद, लाम या अरबी अक्षरांवरून घेतली, अशी कल्पना सतराव्या-अठराव्या शतकांतल्या युरोपीय विद्वानांनीच मांडली, आणि आपल्याकडे ती अभिमानाने सांगितली जाते. पण तिला आधार देणारा जुना अरबी ग्रंथ कोणी दाखवलेला नाही. शिवाय ग्विदोचे पहिले अक्षर ‘ऊत’ होते. त्याचे ‘दो’ पुष्कळ नंतर झाले. मग ‘दाल’शी त्याचे नाते जुळणार कसे? युरोपीय संगीतावरचे अरबांचे खरे ऋण वेगळे आहे. ऊद या वाद्यापासून त्यांचे ल्यूट आले, रबाबपासून रेबेक आले, आणि अल्-फाराबीच्या विद्याशाखांवरील ग्रंथाचे लॅटिन भाषांतर बाराव्या शतकात झाले. एवढे खरे पुरेसे असताना कच्च्या पुराव्यावर उभा राहिलेला अभिमान कशाला बाळगावा?

बगदादचा अबजद

लिपी वेगळी आणि ती उघडणारी विद्या वेगळी, हा भेद आपल्याला तरी नवा नसावा. पहिल्या हिजरी शतकातल्या मुसहफांत अक्षरांवर जेर-जबर-पेश नव्हते. नुक्तेही क्वचितच. ज्यांना कुरआन पाठ होता त्यांना ते पान पुरे होते. इस्लाम अरबस्थानाबाहेर पसरला तेव्हा चुका होऊ लागल्या. मग स्वर दाखवण्यासाठी रंगीत टिंबे देण्याची पद्धत आली. तिचे श्रेय आपल्या परंपरेत अबुल अस्वद अद्-दुअली यांना दिले जाते. त्या जुन्या मुसहफांत ही टिंबे बहुधा तांबडी असतात. आजच्या जेर-जबर-पेशच्या खुणांचे श्रेय आठव्या शतकातल्या खलील बिन अहमद यांना जाते. गझल लिहिणारे त्यांना अरूजचे, म्हणजे छंदशास्त्राचे, जनक म्हणून ओळखतात. पठण म्हणजे संगीत नव्हे, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. मुद्दा लिपीचा आहे. एवढ्या खुणा झाल्या तरी तजवीद आजही मुलाला उस्तादापुढे बसूनच शिकावी लागते.

संगीत लिहिण्याचा प्रयत्नही मुसलमानांत जुना आहे. नवव्या शतकात अल्-किंदीने ऊदवरचे स्वर अक्षरांनी नोंदवले. त्याहून पक्की पद्धत सफीउद्दीन उर्मवी यांची. ते अखेरचे अब्बासी खलिफा मुस्तअसिम यांच्या दरबारात होते, सुलेखनकार होते आणि ऊदवादकही होते. 1258 साली हुलागूने बगदाद बेचिराख केले. त्यातून उर्मवी बचावले. त्यांच्या वादनावर हुलागू खूश झाला, अशी कथा सांगतात. पुढे 1294 साली ते कर्जापायी कैदेत वारले.

त्यांच्या ‘किताबुल अदवार’ या ग्रंथात सप्तकाचे सतरा भाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक स्थानाला अबजदचे अक्षर दिले आहे: अलिफ म्हणजे पहिले, बे दुसरे, जीम तिसरे, दाल चौथे. तारीख काढणाऱ्या शायरांना हा हिशोब पाठ असतो. गाणे लिहिताना ते स्वराचे अक्षर आणि त्यासोबत मात्रांचा आकडा देत. रेघा नाहीत, ठिपके नाहीत. मग किल्ली कोठे आहे? ती ग्रंथाच्या आधीच्या भागात आहे. ऊदच्या तारेचा कोणता भाग मोजून कोठे बोट ठेवले की कोणते अक्षर वाजते, हे त्यांनी गणिताने सांगून ठेवले. म्हणून सातशे वर्षांनंतरही अभ्यासकांना ती अक्षरे स्वरांत वाचता येतात. पुढे कुतुबुद्दीन शीराझी आणि अब्दुल कादिर मरागी यांनी हीच वाट पुढे नेली.

म्हणजे मुसलमानांना संगीत लिहिणे ठाऊक नव्हते, हे खोटे. पण हेही खरे की ही लिपी ग्रंथकारांत राहिली. गाणारे-वाजवणारे बहुतेक सारे तोंडी तालमीवरच चालले.

इस्तंबूलची उजवीकडून सुरू होणारी ओळ

युरोपची पाच रेघांची ओळ मुसलमानी दरबारात कशी पोहोचली, त्याची कथा मोठी विलक्षण आहे. साधारण 1610 च्या सुमारास आजच्या युक्रेनमधल्या ल्वीव शहरात वोइचेख बोबोव्स्की नावाचा मुलगा जन्मला. क्रिमियाच्या तातारांनी त्याला पकडले, तो गुलाम म्हणून इस्तंबूलला आला आणि सुलतानाच्या महालात संतूरवादक झाला. त्याने इस्लाम स्वीकारला. इतिहास त्याला अली उफ्की या नावाने ओळखतो. त्याला अनेक भाषा येत. पुढे तो दरबारात दुभाष्या झाला आणि त्याने बायबलचे तुर्की भाषांतरही केले.

महालातले संगीत ‘मश्क’ पद्धतीने शिकवले जाई, म्हणजे उस्तादासमोर बसून, ताल धरून, पाठ होईपर्यंत घोकायचे. अली उफ्कीला लहानपणचे युरोपीय लेखन येत होते. त्याने ऐकलेली शेकडो गाणी आणि वाद्यरचना त्यात उतरवल्या. 1650 च्या सुमारास तयार झालेला त्याचा ‘मेजमुआ-इ साझ उ सोझ’ हा संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. (तुर्की ‘सोझ’ म्हणजे बोल, आपल्या ‘सोज’शी त्याचा संबंध नाही.) गाण्याचे शब्द अरबी लिपीत, म्हणजे उजवीकडून डावीकडे. म्हणून त्याने स्वरांची ओळही उलटी फिरवली. त्याच्या पानावर गाणे उजव्या टोकाला सुरू होते आणि डावीकडे सरकते. लिपी युरोपची, दिशा आपली.

या पानांनी सतराव्या शतकातले उस्मानी संगीत वाचवले, यात शंका नाही. पण एक अडचण राहिली. तुर्की मकामांत पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या मधले स्वर लागतात, आणि त्यांच्यासाठी युरोपच्या लिपीत खुणा नव्हत्या. ओळ कोणत्या स्वरापासून मोजायची ते किल्लीने सांगितले, पण तो स्वर नेमका किती उतरलेला हे मकाम जाणणाऱ्यालाच ओळखावे लागते. आजचे अभ्यासक तेथे अडतात.

पुढे 1700 च्या सुमारास इस्तंबूलमध्ये राहणाऱ्या मोल्डेव्हियाच्या दिमित्री कांतेमीर या राजपुत्राने अरबी अक्षरांची स्वतःची स्वरलिपी केली आणि सुमारे साडेतीनशे रचना लिहिल्या. तो ख्रिस्ती होता आणि तंबूर उत्तम वाजवत असे. त्याने एक शहाणपण केले. ग्रंथात तंबूरचे चित्र काढून कोणत्या पडद्याला कोणते अक्षर, ते दाखवले. पाच रेघा नसल्या तरी किल्ली दिली, म्हणून तो वाचता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हांपारसूम लिमोंजियान या अर्मेनियन संगीतज्ञाने आणखी सुटसुटीत लिपी केली. ती उस्मानी वादकांत खूप चालली. पण काहींनी तिचीही ‘गुप्त’ तऱ्हा काढली: मात्रांच्या खुणा गाळून लिहायचे, म्हणजे आतल्या माणसालाच वाचता येईल. लिहिणारेही विद्या लपवू शकतात, याचा हा चांगला दाखला.

1826 साली सुलतान महमूद दुसरे यांनी जानिसारी फौज मोडली आणि तिचे मेहतर वाद्यवृंदही बंद झाले. नव्या फौजेच्या बँडसाठी 1828 साली जुझेप्पे दोनिझेत्ती इस्तंबूलला आले. प्रसिद्ध ऑपेरा-रचनाकार गाएतानो दोनिझेत्ती यांचे हे थोरले भाऊ. त्यांनी आधी स्वतः हांपारसूमची लिपी शिकून घेतली आणि तिच्या आधाराने तुर्की वादकांना युरोपची लिपी शिकवली. दुसऱ्याला आपली किल्ली द्यायची तर आधी त्याचे कुलूप समजून घ्यावे लागते, हे त्यांना उमगले होते.

आज तुर्की संगीत ‘जी’च्या किल्लीत, डावीकडून उजवीकडे लिहितात. मधल्या स्वरांसाठी विसाव्या शतकात वेगळ्या खुणा केल्या गेल्या. पण एक गंमत टिकून आहे. तुर्की पानावर ‘जी’ लिहिलेला स्वर वाजतो तो ‘जी’च असेल असे नाही. हाती लांब नेय आहे की आखूड, यावर त्याची उंची ठरते. पानावर युरोपची किल्ली आहे, आणि तिच्या मागे तुर्की वादकाची दुसरी, न लिहिलेली किल्ली आहे.

बडोदा, रामपूर, मिरज

आपल्याकडे ही न लिहिलेली किल्ली आणखी स्पष्ट दिसते. आमच्या मते उस्तादांवरच्या आरोपाचा निकालही येथेच लागतो.

आधी वस्तुस्थिती पाहू. हिंदुस्थानात आधुनिक काळात स्वरलेखन करून शाळेत शिकवणाऱ्या पहिल्या मंडळींत एक मुसलमान उस्ताद होते. उस्ताद मौलाबक्ष (1833–1896) यांनी 1886 साली बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा काढली आणि स्वतः तयार केलेल्या स्वरलिपीत शिकवले. त्यांनी आपल्या एका मुलाला पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनला धाडले. पुढे सूफी विचार पश्चिमेकडे नेणारे हजरत इनायत खान हे त्यांचे नातू. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते 1901 साली, आणि पं. विष्णू नारायण भातखंडे यांची क्रमिक पुस्तके त्यानंतरची. मौलाबक्षांचे नाव मराठी वाचकाला फारसे ठाऊक नसते, ही उणीव कोणाच्या खात्यावर लिहायची? काही अंशी आपल्याही.

भातखंडे (1860–1936) मुंबईच्या वाळकेश्वरचे, पेशाने वकील. त्यांचे काम अफाट आहे, ते मान्य करायला संकोच नको. त्यांनी गावोगाव फिरून उस्तादांकडून चिजा घेतल्या. जयपूरचे महंमद अली खान आणि त्यांचे घराणे, रामपूरचे नवाब हमीद अली खान आणि त्यांचे उस्ताद वझीर खान यांचा त्यांत मोठा वाटा होता. सदारंग-अदारंगांच्या बंदिशी त्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत मराठीतून छापल्या गेल्या. पण त्याच वेळी हेही म्हणावे लागेल की ज्यांनी काहीच दिले नाही अशा लोकांकडून एवढा साठा मिळाला नसता.

आता भातखंडे लिपी पाहा. मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. समेला फुली, खालीला शून्य. किती सुटसुटीत! पण यात किल्ली कोठेच नाही. भातखंड्यांकडून ती राहून गेली असे नव्हे. आपला ‘सा’ ठरलेला नाही, म्हणून तिची गरज नाही. कोणाचा ‘सा’ काळी एक, कोणाचा पांढरी चार, कोणाचा काळी पाच. ‘सा’ कोठे आहे ते गाण्याआधी तंबोरा सांगतो. युरोपने जी खूण ओळीच्या आरंभी कागदावर काढली, ती आपण गायकाच्या मागे चार तारांत ठेवली.

त्याच्या पुढचे आणखी अवघड आहे. दरबारीचा गंधार कोमल आणि भीमपलासीचाही कोमल. कागदावर दोन्ही सारखेच: ‘ग’ आणि त्याखाली एक रेघ. पण दरबारीचा गंधार संथ आंदोलनात झुलतो, आणि तो तसा झुलला नाही तर दरबारी उभाच राहत नाही. ते आंदोलन किती, कोठून उचलायचे, कोठे सोडायचे, हे समोर बसून ऐकल्याशिवाय येत नाही. उस्ताद कागदाला नाक मुरडत, त्यात अडाणीपणा आणि मत्सर काही ठिकाणी होता. पण त्यांना हेही दिसत होते की पान घेऊन जाणारा ठिपके नेईल, किल्ली मागेच राहील.

आणि त्यांनी किल्ली कोणालाच दिली नाही, असे तरी कसे म्हणावे? उस्ताद अल्लादिया खान कोल्हापूरला राहिले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. उस्ताद अब्दुल करीम खान यांनी 1913 साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले आणि मिरजेत घर केले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. ही नावे हिंदू आहेत. ती घराबाहेरची होती आणि त्यांना सगळे मिळाले.

तरीही आपण फक्त बचावाच्या बाजूने बोलणे प्रामाणिकपणाचे नाही. खास चिजा मुलालाच द्यायच्या, शागिर्दाला नाही, ही रीत होती. तबल्याच्या घराण्यांत गती हुंड्यात दिल्याच्या कथा अभिमानाने सांगितल्या जातात. मुलींना तर पुष्कळ खानदानांत गाणे शिकवलेच नाही. वारस नसलेला उस्ताद गेला की त्याच्याबरोबर एक दालन कायमचे बंद झाले. अशी किती दालने बंद झाली याचा हिशोब आता कोणी देऊ शकत नाही.

मक्का फतह झाली तेव्हा काबागृहाची किल्ली हजरत पैगंबरांनी (स.) आपल्या कुटुंबात घेतली नाही. ती पूर्वीचे किल्लीदार उस्मान बिन तल्हा यांच्याकडे परत दिली. अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचवा या आयतीचा संबंध मुफस्सिर याच प्रसंगाशी जोडतात. ती किल्ली आजही त्याच घराण्याच्या ताब्यात आहे. किल्ली सांभाळणे हा मान असू शकतो. ती मालमत्ता नसते. विद्येच्या किल्लीलाही हाच न्याय लावला असता तर आपल्या उस्तादांवरचा आरोप उभाच राहिला नसता.

मग आज करायचे काय? ध्वनिमुद्रण घरोघरी झाले आहे, स्वरलिपी शाळेत शिकवतात, युरोपची लिपीही शिकता येते. ठिपक्यांची आता कमतरता नाही. कमतरता आहे ती त्यांच्यासोबत ठेवायच्या खुलाशाची. मिरज, कोल्हापूर, सोलापूर, औरंगाबाद येथे जुन्या खानदानांतली माणसे आहेत, कव्वालीच्या चौक्या आहेत, मर्सिया आणि मौलूद म्हणणारे आहेत. त्यांचे नुसते गाणे मुद्रित करून भागणार नाही. हा स्वर असा का लावला, ही चीज कोणाकडून आली, ही जागा कोठे घ्यायची आणि कोठे टाळायची, हे त्यांच्याच तोंडून नोंदवून घेतले पाहिजे. उर्मवींनी ऊदचे माप दिले आणि कांतेमीरने तंबूरचे चित्र दिले, तसे. ज्यांनी किल्ली सोबत ठेवली त्यांचेच लिहिलेले टिकले, एवढे हा इतिहास निश्चितपणे सांगतो.

या कामाला मिरजेपासून सुरुवात करता येईल. तेथे तंबोरे बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी हा धंदा उभा केला आणि पिढ्यानपिढ्या तो त्याच मुसलमान घरांत चालत आला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मंगळवेढ्याच्या परिसरातला भोपळा घेऊन ही माणसे तंबोरा घडवतात, घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, आणि तो कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या गायकाच्या हाती देतात. आपल्या संगीताची किल्ली आजही त्यांच्या दुकानात तयार होते. तिचे माप, तिची रीत आणि तिच्यामागची नावे आपण लिहून ठेवली तर पुढच्या पिढीला ती दुसऱ्या कोणाकडे शोधावी लागणार नाहीत.